चार बोटं पुढची गाठ

“ताई, काम डोळ्यांपासून कितीवर धरता?” शहापुऱ्यांनी विचारलं आणि मी खोटं बोलले.

“काम कसलं? पोथी वाचते, पेपर वाचते, तांदूळ निवडते.”

शेजारच्या खुर्चीवर हे बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि समोरच्या आरशात बघत मिशी सारखी केली.

“मग बायफोकल चालेल तुम्हाला,” शहापुरे म्हणाले. सांगलीत त्यांचं चष्म्याचं दुकान जुनं, आणि गिऱ्हाईक वाटेला लावायची त्यांना घाई नसे. “वरून लांबचं दिसेल, खालच्या खिडकीतून जवळचं. एकच चष्मा, दोन कामं. फक्त जिना उतरताना जपा, पायरी फसवते. बाकी तुमचा दोघांचा जवळचा नंबर सारखाच आला बघा, पाव इकडे-तिकडे. एका ताटात जेवल्यावर असं होतं.”

“तेच द्या,” मी म्हणाले. “दोन-दोन चष्मे कोण सांभाळणार?”

“हां, पण बारीक काम करणाऱ्याला मी बायफोकल देत नाही. ती खालची खिडकी मांडीवरच्या पोथीसाठी. भरतकाम, घड्याळाचं काम माणूस नाकासमोर धरतो. ते येतं वरच्या काचेत, आणि वरची काच बघते रस्त्याकडं. मग कोंबड्यागत मान वर करून बसावं लागतं. अशा माणसाला जवळचा वेगळा चष्मा. अख्ख्या काचेचा, बरोब्बर त्याच्या कामाच्या अंतराचा.”

“मला तो द्या,” हे म्हणाले. “मी हलव्याचे दागिने करतो.”

करतो म्हणे! दिवाळीच्या तोंडावर हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि जेमतेम पाच आठवडे माझ्या शेजारी पाट मांडून बसत होते. मी एकतीस वर्षं करत होते. पण दुकानात चारचौघांत ‘करतो’ म्हणाले ते हे, आणि ‘तांदूळ निवडते’ म्हणाले ती मी.

हलव्याचा दागिना ज्यांनी नुसता नव्या नवरीच्या गळ्यात पाहिला आहे त्यांना वाटतं, मण्यांसारखे दाणे ओवले की झालं. हलव्याला भोक पाडता येत नाही, पाडायला गेलं की दाणा फुटतो. प्रत्येक दाणा दोऱ्याच्या दोन पदरांत धरून त्याला गाठ मारायची, काटा न मोडता. एका बोरमाळेला दोनशेच्या वर गाठी पडतात. वर हात घामेजला की दाणा विरघळतो, म्हणून मी शेजारी राखेची वाटी ठेवायची आणि पुनःपुन्हा बोटं कोरडी करायची. कॉलनीतल्या किती नवऱ्या मुली आणि किती बोरन्हाणाची बाळं मी सजवली याची मोजदाद नाही. माझं शिक्षण सातवी, नोकरी नाही, गाणं नाही, बोलणं तर त्याहून नाही. पण संक्रांत जवळ आली की सगळ्या जणी माझ्या दारात. वर्षातले अकरा महिने मी माळवदेकाकू आणि पौषात मात्र शकूताई. त्या एका महिन्यावर माझा सगळा डोलारा उभा होता.

आणि आता डोळे दगा देत होते. मागच्या पौषापासूनच दोऱ्याच्या गाठीला केस फुटल्यासारखे दिसायला लागले होते. दोन दाण्यांच्या जागी कधी अडीच दिसत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ह्यांना तर नाहीच.

हे शेजारी बसायला लागले ते वेळ जात नाही म्हणून. पहिले चार दिवस दाणे निवडून दिले, मग दोरा कापून दिला, मग म्हणाले, “एक गाठ मारून बघू का गं?” मी हसून हो म्हटलं. म्हटलं, ट्रक-बसच्या पुढ्यात वाढलेला गडी, दोन दाणे फोडेल आणि उठेल. पण तीस वर्षं डिझेलचे पंप खोलून त्यातल्या केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेली बोटं ती. शिवाय डिझेलनं कातडी अशी कोरडी पडलेली की राखेची गरजच नाही. आठव्या दिवशी ह्यांनी बाजूबंद केला. पंधराव्या दिवशी शैलेंद्रसाठी, म्हणजे आमच्या मुलासाठी, हलव्याचं मनगटी घड्याळ. काळ्या दोऱ्याचे दोन काटे लावले आणि वेळ लावली लग्नाच्या मुहूर्ताची, बारा वाजून तेवीस मिनिटं. हे मला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

कॉलनीतल्या नलूवहिनी नातवाच्या बोरन्हाणाचे दागिने न्यायला आल्या. मुकुट उचलून, फिरवून बघितला.

“अगंबाई शकूताई, यंदा नेहमीपेक्षा सुबक झालंय हो.”

“तो ह्यांनी केलाय,” मी म्हणाले.

“काकांनी? काय सांगता काय. आता काय, सगळं काकांवरच सोपवा आणि तुम्ही आराम करा.”

‘नेहमीपेक्षा’ हा शब्द त्या घेऊन गेल्या नाहीत, माझ्याकडेच ठेवून गेल्या. मी भांडी घासताना तो, दूध तापवताना तो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा घरातच निघेल असं कधी वाटलं नव्हतं. लोकांच्या बायका नवऱ्याच्या दारूवर, पत्त्यांवर जळफळतात. मी ह्यांच्या बोटांवर जळत होते. जेवताना ती बोटं भाकरी मोडायची तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

डिसेंबरअखेर शैलेंद्र आणि अश्लेषा पुण्याहून दोन दिवस आले. अश्लेषा म्हणजे आमची नवी सून, लग्नाला महिनाच झालेला. यंदाचे दागिने तिचे. तिला तयार झालेलं सगळं दाखवलं, आणि ते घड्याळ बघून ती एवढी खूश झाली की स्वतःच्या हातावर बांधून सगळ्या घरभर फिरली. मग म्हणाली, “आई, नथ राहिलीय ना अजून? ती बाबांनी केली तर चालेल?”

पोर भाबडेपणानं बोलली. तिला काय माहीत, नथ म्हणजे सगळ्यात अवघड. वाटाण्याएवढ्या जागेत सात पांढरे दाणे, मधे एक गुलाबी, आणि सगळा भार एका तारेवर. आजवर प्रत्येक नवरीची नथ मी शेवटी करायची, अंघोळ करून, देवाला नमस्कार करून.

“का नाही चालणार?” मी म्हणाले. “करतील की.”

हे लगेच म्हणाले, “जवळचं थोडं अंधुक दिसतंय अलीकडं. चष्मा करून घेतो आधी. तू पण चल, तुझेही डोळे दाखवू.”

असे आम्ही शहापुऱ्यांच्या दुकानात आलो होतो.

शहापुऱ्यांनी ह्यांना पांढऱ्या दोऱ्याचा हातभर तुकडा दिला. “घरी जा. रोज बसता तसंच कामाला बसा, इथं खुर्चीत बसून अंदाज नको. दोऱ्याचं टोक नाकाच्या शेंड्याला नाही, वर, दोन डोळ्यांच्या मधे लावायचं, आणि जिथं दाणा येतो तिथं गाठ मारायची. गाठ दुसऱ्याला मारायला सांगा, तुमचे हात कामात पाहिजेत. उद्या दोरा आणून द्या. त्या गाठीवर मी काच बनवतो. बोटभर चुकलं तरी बारीक कामाला चालत नाही, सांगून ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातलं ऊन सोप्यात आलं तेव्हा हे पाटावर बसले. डाव्या हातात दाणा, उजव्या हातात दोरा, कोपर गुडघ्यावर टेकवलेलं. मी समोर बसले.

“मार गाठ,” हे म्हणाले. “तुझ्या गाठीसारखी गाठ नाही. सरकायची नाही.”

मी दोऱ्याचं टोक त्यांच्या दोन भुवयांच्या मधे धरलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, पण इतक्या जवळून, उजेडात, मी ह्यांचं तोंड फार दिवसांत पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू उद्या शाळेत नाव घालायचं आहे. आणि तो आनंद माझ्या कामाचा होता. माझ्या राखेच्या वाटीशेजारी बसून ह्यांनी तो उचलला होता.

दोरा दाण्यापाशी ताणला. तिथून चार बोटं पुढे नेला आणि गाठ मारली. एक नाही, दोन मारल्या, एकावर एक.

“झालं?”

“झालं.”

ह्यांनी दोरा नीट गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला आणि सायकल काढली.

आठवड्यानं चष्मे आले. माझा सोनेरी काडीचा, खाली अर्धचंद्राची खिडकी असलेला. ह्यांचा काळा, जाड, बैलाच्या डोळ्यावर झापड बांधावी तसा. हे लगेच पाटावर बसले. मी कणीक मळायच्या निमित्तानं दारात उभी राहिले. ह्यांनी दाणा धरला, दोरा टाकला, गाठ ओढली आणि दाणा टपकन पडला. दुसरा घेतला. तोही पडला. तिसऱ्याचा काटा मोडला. चौथ्याला ह्यांनी चष्मा काढून हातात धरला.

“नाही गं जमत. धुरकट दिसतंय.”

खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

“शहापुऱ्यांना दाखवून या की परत,” मी म्हणाले, पण आवाजात जोर आणला नाही.

“नको. काचेचा दोष नाही, वयाचाच आहे. साठीला आलेल्या माणसानं कशाला नसते नाद करावेत? नथ तूच कर.” त्यांनी चष्मा डब्यात घातला, डबा कोनाड्यात ठेवला आणि पेपर घेऊन फाटकाजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. रिटायर झाल्यावर पहिले काही दिवस बसायचे, तसे. एकच पान धरून.

त्या रात्री मी भरलं वांगं केलं, ह्यांना आवडतं तसं, कूट जास्त घालून. हे दोन भाकऱ्या जेवले आणि हात धुऊन उठले.

हळदीकुंकू रविवारी होतं. गुरुवारी मी अंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि बायफोकल लावून नथ करायला बसले. तेव्हा कळलं, शहापुरे काय म्हणत होते ते. दाणा नाकासमोर धरला की नुसता पांढरा ढग. खालच्या खिडकीतून बघावं तर हनुवटी छताकडे करावी लागे. तशी केली तर हात दिसत, पण मान आखडे. हात मांडीवर नेले तर तार हले. अर्ध्या तासात तीन दाणे बसले, त्यांतले दोन सुटले. शुक्रवारी पाच बसले. संध्याकाळी बघते तर गुलाबी दाणा मधे नव्हताच, कडेला गेला होता. सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. रडू येत होतं, पण रडायचं तरी कुणापुढे? मीच ‘पोथी वाचते’ म्हणाले होते.

शनिवारी दुपारी हे गूळ आणायला गेले. सायकल फाटकाबाहेर गेल्याचा आवाज आला आणि माझी नजर कोनाड्याकडे गेली. म्हटलं, नंबर सारखाच आहे. चष्मा चुकलेला आहे, पण तो कितीनं चुकलाय हे माझ्याएवढं कुणाला माहीत? चार बोटं लांब धरायचं काम, झालं. चुकीचा का असेना, अख्ख्या काचेचा आहे.

मी डबा उघडला, चष्मा लावला आणि नथ चार बोटं लांब धरली.

धुरकट.

आणखी लांब नेली, आणखी धुरकट. सहज म्हणून जवळ आणली, रोज धरते तिथे, आणि दाण्याचा एकेक काटा समोर उभा राहिला. दोऱ्याचा पीळ दिसला. माझ्या अंगठ्यावरची जुनी विळीची खूण दिसली. एकतीस वर्षांत मला माझं काम इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

मी डब्यात पाहिलं. तळाशी तो पांढरा दोरा होता. त्यावर माझी गाठ होती, एकावर एक दोन, घट्ट. आणि तिच्या चार बोटं अलीकडे दुसरी गाठ होती, सैल, ओबडधोबड, पुरुषानं एका हातानं मारलेली.

मग नथ उचलली. दुसरं काय करणार? दाणे एकामागून एक बसत गेले. गुलाबी दाणा मधोमध बसला. शेवटच्या गाठीचा दोरा दातानं तोडत होते तेव्हा दारात सायकल लागली.

चष्मा काढायला वेळ होता. मी काढला नाही.

हे गुळाची पिशवी घेऊन आत आले. माझ्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यात मी कशी दिसत असेन कोण जाणे, पण हसले नाहीत.

“दिसतं का?” ह्यांनी विचारलं.

“दिसतं.”

“मग बरं झालं.”

“तुम्हाला धुरकट दिसत होतं ना?”

“हो.”

“अहो, दोऱ्याला दोन गाठी आहेत.”

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. “तीस वर्षं मापं घेतलीत मी, शकू. चार बोटं म्हणजे काय लहान फरक आहे? शहापुऱ्यांच्या दुकानात दोरा भुवयांच्या मधे लावला आणि कळलं.”

“मग मला बोलला का नाहीत? शिव्या घालायच्या होत्या.”

“दोन गाठी मारल्या होत्यास,” हे म्हणाले. “एक असती तर म्हटलं असतं, चुकली.” आणि गूळ किसायला किसणी शोधत आत गेले.

हे भांडले असते तर मीही भांडले असते. रुसले असते तर मनधरणी केली असती. हे गूळ किसत बसले. हेवा वाटायला जे एक कारण होतं ते ह्यांनी माझ्या हातात देऊन टाकलं, आणि मला तेव्हा त्यांच्या देण्याचाच हेवा वाटला. एवढं मोठं मन मला का नाही, म्हणून त्या क्षणी ह्यांच्यावर जितकी चिडले तितकी त्या घड्याळावरून, मुकुटावरूनही चिडले नव्हते.

रविवारी अश्लेषा काळी चंद्रकळा नेसून, नखशिखांत हलव्यानं मढून पाटावर बसली. शैलेंद्रच्या मनगटावर बारा वाजून तेवीस मिनिटं झाली होती. कॉलनीतल्या पस्तीसेक बायका तरी आल्या असतील. नलूवहिनींनी वाकून अश्लेषाची नथ पाहिली.

“ही नक्की काकांची. किती नाजूक आहे बघा.”

हे वाणाचं ताट आत द्यायला दारापर्यंत आले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “छे हो वहिनी, मला कुठलं दिसतंय आता? हिनं केली. या घरात नजर एकटीचीच आहे.”

“तरीच,” नलूवहिनी म्हणाल्या. “शकूताईंच्या हाताला तोड नाही.”

नाकावर बायफोकल लावून मी तिळगूळ वाटत होते. ज्या शब्दांसाठी सगळा खटाटोप केला ते आले, आणि मला ते कुठे ठेवावेत कळेना.

या गोष्टीला आता सोळा वर्षं होतील. त्यानंतरच्या पौषात मी पाट मांडले ते दोन. राखेची वाटी एकच ठेवली, कारण दुसऱ्याला ती लागत नाही. काळा चष्मा डब्यातून काढून ह्यांच्या पाटावर ठेवला आणि फाटकापाशी जाऊन म्हणाले, “अहो, चला की. यंदा पाटलांच्या सुनेची नथ आहे. तुम्ही करा.”

“मला दिसत नाही गं.”

“चष्मा आहे तिथं.”

“तो तुझ्या नंबरचा. तूच वापर.”

फार आग्रह केला तेव्हा सोप्यापर्यंत आले. बसले नाहीत, उभ्याउभ्याच दोन मिनिटं बघत राहिले. मी काळा चष्मा लावून नथीला पहिले चार दाणे लावले होते. मग पेपर काखेत मारून हे पुन्हा बाहेर निघाले, आणि उंबऱ्यात पाय टाकता टाकता म्हणाले, “तिसरा दाणा तिरका बसलाय.”

मी नथ डोळ्यांजवळ आणून पाहिली. बसला होता. चष्मा लावूनही मला दिसला नव्हता तो, आणि ह्यांना बिनचष्म्यानं, उभ्यानं दिसला होता. असा राग आला की वाटलं, राहू दे तसाच. कोण बघतंय? मग मी गाठ सोडली, दाणा काढला, फिरवला, पुन्हा बसवला आणि मोठ्यानं विचारलं, “आता झाला का सरळ?”

स्टुलावरून उत्तर आलं, “मला काय दिसतंय इथून?”